ढगांच्या फोटोखालची ओळ

प्रिय भोवऱ्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधी तेच सांगते. घरी सगळे ठीक आहेत. बाबांची साखर आटोक्यात आहे, गुडघ्याची कुरकुर नेहमीचीच. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना नात झाली. मोरीतल्या नळाचा वॉशर बाबांनी पुन्हा एकदा स्वतः बदलला, आणि आता तो नळ आधीपेक्षा जास्त गळतो, पण तसं म्हणायची सोय नाही. तुला मी कागदावर शेवटचं लिहिलं ते तू वसतिगृहात होतास तेव्हा. त्यानंतर फोन आला, मग आपली ओसरी आली, आणि कागद तेवढा माझ्या हिशेबाच्या वहीपुरता उरला. आज गुरुवार. बाबा दाताच्या डॉक्टरांकडे गेलेत, तिथे रांग असते, म्हणजे मला दीड-दोन तास मिळाले. होईल तेवढं लिहिते, राहिलं तर उद्या.

तू ओसरी सुरू केलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मिठाच्या बरणीएवढा काळा डबा घेऊन आलास, घरभर हिंडलास, आणि शेवटी माझ्या स्वयंपाकघरातली वरची फळी पसंत केलीस, कारण इंटरनेटची तार तिथूनच आत येते. डाळीच्या डब्यांशेजारी तो सर्व्हर बसला. यात काय आहे, असं मी विचारलं तर म्हणालास, "आई, यात आपली माणसं आहेत." मग शेजारी बसून समजावलंस. मोठ्या कंपन्यांच्या अंगणात जाऊन गप्पा मारायच्या आणि त्यांनी त्या विकायच्या, त्यापेक्षा आपली ओसरी आपण बांधायची. दुसऱ्यांनीही आपापल्या बांधलेल्या असतात, इथून हाक मारली की तिथे ऐकू जाते, मध्ये मालक कुणी नाही. मला ते फार पटलं, कारण भाडं नव्हतं. आणि एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून निवृत्त झालेल्या माणसाला तू पुन्हा कामाला लावलंस. दिवे गेले की बाबा फळीखाली घड्याळ घेऊन उभे राहतात, दिवे आले की पाच मिनिटं मोजून बटण दाबतात, आणि मी पाठमोरी असले तरी मला सांगतात, "लाइन चालू." मामी, आत्या, तुझी मावस-चुलत भावंडं, बाबांचे एक्स्चेंजमधले सोबती, तुझे कॉलेजचे मित्र, अशी सेहेचाळीस माणसं त्या डब्यात राहतात. रोज सकाळी देवाचं झालं की मी त्याच्यावरची धूळ पुसते.

दीड वर्षाने तू मला 'आईचं पान' करून दिलंस. सगळ्यांचं दर्शनी पान गजबजलेलं, बारीक अक्षरांचं, आकड्यांनी भरलेलं. माझ्यासाठी तू वेगळं बांधलंस. मोठी अक्षरं, एकच रांग, खाली आवडलं म्हणायची एक चांदणी आणि एक लिहायची जागा, बस. मला वाचायला त्रास होऊ नये म्हणून एवढी खटपट केलीस, याचं मला कोण कौतुक. शिंपीणबाईंना दाखवलं, दूध घालणाऱ्याला दाखवलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईला तिच्या नावाचं पान असतं, असं मी मिरवत होते. रोज संध्याकाळी दिवा लावला, जप झाला की मी ते उघडायची. मामीच्या बागेतली जास्वंद, आत्याचं नवं भांडं, बाबांच्या मित्राचे जुने विनोद. आणि तुझे ढग.

तुझे ढग मला फार आवडायचे. तू पूर्वी काही फोटो-बिटो काढणारा नव्हतास, हे नवीनच खूळ. तीच खिडकी, तीच उजव्या हाताला गेलेली गंजकी नळी, आणि पलीकडे कधी कापसासारखे, कधी राखेसारखे ढग. मला वाटायचं, ऑफिसात तुझी जागा खिडकीशी आहे, बरं झालं, डोळ्यांना विसावा. मी प्रत्येकाला चांदणी द्यायची आणि खाली लिहायची, 'छान आहेत. जेवलास का?' तू लिहायचास, 'हो आई.' एकदा मामीने त्याच्याखाली विचारलं होतं, 'आज किती वेळ?' आणि तू लिहिलंस, 'चारच तास.' मी समजले, बैठक असेल. एवढ्या लांबलचक बैठका घेतात म्हणून मी तुझ्या साहेबालाही मनातल्या मनात दोन शब्द ऐकवले होते.

आता जे सांगायचं ते सांगते. सात महिन्यांपूर्वी माझा टॅब बंद पडला. नवा घ्या म्हणून बाबा मागे लागले, मी म्हटलं, दुरुस्त होतो का ते आधी बघू. चौकातल्या दुकानात एक बाई बसते, डोक्याला दिवा लावून काम करते, तिच्याकडे नेला. तिने तो पुसून पुन्हा कोरा केला आणि विचारलं, "काकू, यात तुमचं काय काय होतं?" मी वही काढली. सगळे पत्ते, सगळे पासवर्ड मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवते, तुला माहीत आहे. तिने ओसरीचा पत्ता टाकला. माझ्या पानाचा पत्ता वेगळा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ओसरी म्हणजे माझं पान. तर उघडलं ते तुमचं सगळ्यांचं पान. मी म्हटलं, हे दुसऱ्याच कुणाचं आलं. ती हसली. "खातं तुमचंच आहे, काकू. तुमच्या मुलाने तुमच्यासाठी निराळं फ्रंट एंड लावून दिलेलं असणार, सोपं करून. हे मूळचं. घर एकच, दारं दोन. कुठलं ठेवू?" मी म्हटलं, दोन्ही ठेव, आलोच आहोत तर. आणि चष्मा लावून बघायला लागले, तर वरच तुझे ढग. त्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण होती, माझ्या पानावर ती कधीच नव्हती. मी बोट लावलं. खाली ओळ उघडली.

'डायलिसिस केंद्राची खिडकी, तिसरा मजला, यंत्र क्रमांक सात. डाव्या हातात सुया आहेत, उजव्याने काढलाय म्हणून तिरका. बाहेर विरळ ढग.'

ती ओळ तू कुणासाठी लिहिलीस हे मला नंतर कळलं. तो तुझा दृष्टी नसलेला मित्र, पेट्या सुरात लावून देतो तो, दुसऱ्या ओसरीवर राहतो. त्याला फोटो दिसत नाहीत म्हणून त्याचं यंत्र त्याला ती ओळ वाचून दाखवतं. तू लहानपणीही असाच होतास, ज्याला दिसत नाही त्याला सांगत बसायचास. माझ्या पानावर अशा ओळी उमटतच नाहीत, म्हणून तिथे तू मोकळेपणाने लिहून गेलास. ढग मला दाखवायला हरकत नव्हती, ढगच ते. मी दुकानात उभ्याउभ्या त्या बाईला विचारलं, "डायलिसिस म्हणजे ते रक्त धुतात तेच ना?" तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि मला स्टूल दिलं. पाणीही दिलं. फार शहाणी बाई.

घरी येऊन मी बाथरूमच्या दाराला कडी लावून वाचलं. चारशे बारा. एवढ्या नोंदी होत्या, ज्यांच्या शेवटी तुम्ही सगळे एक टॅग लावता, आईलानको, असा जोडून. त्या टॅगचं काहीही माझ्या पानावर येत नाही, अशी तू सोय केलीस. तुझ्या, मामीच्या, आत्याच्या, सूनबाईच्या, बाबांच्यासुद्धा. पावणेदोन वर्षं. दोन्ही मूत्रपिंडं गेली, हातात नस जोडली, मंगळवार-गुरुवार-शनिवार चार-चार तास यंत्रावर, पाणी मोजून, फळं मोजून, नोकरी अर्धी झाली. मी वही काढून तुझ्या ढगांच्या तारखा लिहून काढल्या, माझी खात्री व्हायची होती म्हणून. एकसष्ट फोटो. एकही सोमवारचा नाही, एकही रविवारचा नाही. माझ्या समोर तारखा होत्या आणि मला दिसलं नाही. ते सगळं माझ्याच फळीवरच्या डब्यातून ये-जा करत होतं, रे. तुझ्या रक्तातलं क्रिएटिनिन किती आलं, हे सेहेचाळीस माणसांना कळायला आधी माझ्या डाळीच्या डब्यांशेजारून जात होतं, आणि मी खाली पोळपाट पुसत होते.

रागावले का, विचारशील. पहिले दोन दिवस फार. बाबांच्या पानात भाजी वाढताना चमचा आपटला, ते म्हणाले, "नळाचं मनावर घेतलंस का?" मग मी तुझी ती जुनी नोंद शोधून काढली, जिथे मामीने तुला विचारलंय की वन्संना का सांगत नाहीस. तू लिहिलंयस, 'आई आधी देवाशी सौदा करेल, मग डॉक्टरांशी. जेवणं सोडेल आणि वर स्वतःची किडनी काढून द्यायला निघेल. जन्मापासून ती देतच आलीय. एवढं एक मी तिच्याकडून घेणार नाही.' ते वाचल्यावर माझा राग बसला. तू नऊ वर्षांचा होतास, पायाचं हाड मोडलं होतं. तू चालेपर्यंत मी एकवेळच जेवेन, असं मी देवाला सांगितलं होतं. चाळिसाव्या दिवशी नळावर चक्कर येऊन पडले, आणि तू प्लास्टरचा पाय ओढत शेजारच्यांना बोलवायला गेलास. तुला ते दुखलं ते दुखलंच, वर बरं व्हायला तीन आठवडे जास्त लागले. तू मला घाबरतोस ते उगाच नाही. हे मी मान्य करते.

पण मग मी काय करायचं, हे मला कळेना. या सात महिन्यांत मी कशी राहिले ते तुला सांगते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मी कळलंय म्हणाले असते, तर तू ते दार लावून घेतलं असतंस. नवा टॅग, नवा पासवर्ड, बाबांना तंबी. तू खरं बोलतोस ते जिथे मी नाही तिथेच. मी तिथे आहे हे कळलं की तू तिथेही 'हो आई, जेवलो' म्हणायला लागशील, आणि मग तुला रडायला जगात एकही जागा उरणार नाही. म्हणून मी गप्प राहिले. रोज संध्याकाळी आधी मागच्या दाराने जायचं, आज तुला थरथर सुटली, रक्तदाब खाली गेला, शेजारच्या यंत्रावरचे मास्तर या आठवड्यात आलेच नाहीत आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, असं सगळं वाचायचं. मग डोळे धुवायचे, पुढच्या दाराने माझ्या पानावर येऊन बसायचं, आणि त्याच दिवसाच्या ढगांखाली लिहायचं, 'छान आहेत.' बाबा समोर बसून पेपर वाचत विचारणार, "पाहिलंस का पान? काय म्हणतोय?" आणि मी सांगणार, मजेत आहे. ते म्हणणार, "मजेतच असणार." आम्ही दोघं एकमेकांना असे फसवत जेवायला बसतो. घर तेच आहे, पण मला त्यात श्वास पुरत नाही. गॅलरीत जाऊन उभी राहिले तर ढग दिसतात, म्हणून मी गॅलरीत जायचंही सोडलं.

एकदा माझ्या हातून चूक झाली. तू लिहिलं होतंस की आज नस सापडेना, पाच वेळा टोचलं, शेवटी सिस्टरच्याच डोळ्यांत पाणी आलं. वाचता वाचता माझं बोट चांदणीवर गेलं. सवय, दुसरं काय. तुझ्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं ते मी करते, रोज. लगेच काढून टाकली, पण तोवर तुझ्याकडे पोचली होती. दहा मिनिटांत तू लिहिलंस, 'आईच्या खात्यातून चांदणी आली आणि गेली. बाबा, बघा जरा.' खाली टॅग, आईलानको. ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं, आणि तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरात आलेच. "टॅबवर तुला काही निराळं दिसतंय का गं?" मी म्हटलं, "निराळं काय दिसणार, मोठी अक्षरं दिसतात." तोवर मी माझं पान पुढे आणलं होतं. त्यांनी टॅब उलटासुलटा करून बघितला, जसे काही ढग मागच्या बाजूने गळणार होते, आणि परत दिला. त्यांच्या तोंडावर इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले ते त्या दिवशी. देवापुढे कान धरले. नंतर त्यांनी तुला कळवलेलं वाचलं, 'तपासलं. तिचं पान ठीक आहे.' आणि खाली आणखी एक ओळ होती, ती तू वाचली असशीलच. 'मला हे आता झेपत नाही रे. रोज तिच्यासमोर जेवायला बसतो.' त्यांच्यावरही मग मला रागावता येईना. साखरेमुळे डॉक्टरांनी त्यांना मूत्रपिंड द्यायला पहिल्याच दिवशी नको म्हटलं, सूनबाईचा रक्तगट जुळेना, आणि परक्या दात्याची वाट बघणाऱ्यांच्या यादीत तुझा नंबर पुढे सरकेना. माणूस करणार काय.

त्या मागच्या दारातून मी आणखीही एका ठिकाणी जायला शिकले. यंत्रावरच्या लोकांची एक निराळी ओसरी आहे, तुझं तिथे येणं-जाणं आहे. मी तिथे काही बोलत नाही, कोपऱ्यात बसून ऐकते. एक शाळेतल्या बाई आहेत, त्यांच्या बहिणीने त्यांना मूत्रपिंड दिलं. ती बहीण स्वतः तिथे लिहिते, दोन महिन्यांत बागकाम करायला लागले, म्हणून. एकाने लिहिलंय, आईची किडनी घेतली, आणि अजून दर वाढदिवसाला आई विचारते, माझी लाडकी कशी आहे, तुझं नाही विचारत. मी एकटीच हसले. तिथली माणसं रडून झालं की विनोद करतात. तिथेच मला कळलं की साठीच्या आतल्या, साखर नसलेल्या बाईला कुणी उगाच नको म्हणत नाही, आधी तपासतात. पाठ होईल इतकं मी ते वाचलंय. मॅट्रिकला इतका अभ्यास केला असता तर बोर्डात आले असते.

(शुक्रवार.) काल एवढ्यावर थांबले, कारण बाबा लवकर आले, दाढ काढून, गाल सुजवून. बरंच झालं, रात्रभर त्यांना बोलता आलं नाही.

काल तुझा यंत्राचा दिवस होता. ढग नव्हते. मागच्या दाराने गेले तर तुझी नोंद होती. 'यादीतून नाव काढून घ्यायचा अर्ज भरला आहे. शनिवारी देतो. वाट बघणं आता यंत्रापेक्षा जास्त थकवतंय. कुणी समजावू नका.' आणि खरंच कुणी समजावलं नाही. मामीने लिहिलं, तुझा निर्णय. आत्याने नुसती चांदणी दिली. सूनबाईने काहीच लिहिलं नाही, ती घरी तुझ्यासमोर रडली असेल. मी चार वेळा उत्तर लिहिलं आणि चार वेळा पुसलं. तिथे लिहून तुला काय सांगणार? सेहेचाळीस माणसांसमोर तुला पकडल्यासारखं होईल, आणि तू त्याच क्षणी माझं मागचं दार लावशील, शनिवारचा अर्ज द्यायला मोकळा. फोन करावा, तर तू मजेत असतोस. भोवऱ्या, तू लहानपणी एका जागी दोन मिनिटं बसत नव्हतास म्हणून बाबांनी तुला हे नाव ठेवलं, आणि आता तू चार-चार तास हलू शकत नाहीस, आणि मी माझ्याच घरात बोलू शकत नाही. हे किती दिवस चालायचं? मी आज सकाळी ठरवलं की नाही चालायचं.

(शनिवार.) हे शेवटचं मी ज्या बाकावर बसून लिहितेय, त्याच्या समोरच्या दारावर तुमच्या केंद्राचं नाव आहे. तिसरा मजला. तुझ्याच ओळीवरून शोधलं, चुकले नाही. काल संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेपरची घडी घालत राहिले, मग म्हणाले, "त्याला कळवू?" मी त्यांचा फोन काढून माझ्या पिशवीत टाकला, तो अजून तिथेच आहे, आणि ते शेजारी सुजक्या गालाने बसलेत. रात्रीची गाडी पकडून आलो. भोवऱ्या, मी गेले पाच महिने आपल्या डॉक्टरीणबाईंकडे जातेय, शिंपीणबाईंकडे ब्लाउज टाकायला म्हणून सांगून. माझा रक्तगट तुझाच आहे, ते तू जन्मलास तेव्हापासून माझ्या वहीत आहे. साखर नाही, रक्तदाब नाही, लघवीची तपासणी चांगली, सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं जागच्या जागी आणि ठणठणीत. रक्त थोडं कमी होतं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपास बंद, म्हणून मी सगळे नेम सोडले आणि दोन्ही वेळ पोटभर जेवले, देवाला सांगून जेवले. या वेळी त्याच्याशी कसला सौदा केलेला नाही. सगळे कागद पिशवीत आहेत, आता फक्त तुझं रक्त माझ्या रक्ताशी जुळतं का ते इथे बघायचं राहिलंय. नाही जुळलं तर मी घरी जाऊन पुन्हा ढगांना छान म्हणेन, शब्द देते. पण बघितल्याशिवाय नाही. हे पत्र द्यायला इथल्या सिस्टरला मी तुझ्या सुया लागेपर्यंत थांबायला सांगितलंय. तिने विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या, मी सांगितलं, तर म्हणाली, देणाऱ्यांच्या यादीत आईच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने फुली मारलीय. मी म्हटलं, माहीत आहे, पेन आहे का तुमच्याकडे? आता हे घडी करून पाकिटात घालते आणि तिच्याकडे देते. तो अर्ज तुझ्या खिशात असेल, तो असू दे. तुला चार तास उठता येणार नाही, आणि मलाही कुठे जायचं नाहीये. सावकाश वाच, मग सिस्टरला सांग मला आत सोडायला.

तुझीच,
आई